पहिला चीक

पहाटे आमची कपिला गाय व्याली. मी धावतच गोठ्यात गेलो. वासरू धडपडत उभे राहत होते. आजीने त्याला कासेपाशी नेले. ते चुरुचुरु लुचू लागले.

"आजी, सगळा चीक यानेच प्यायला, तर आपला खरवस कसा होणार?" मी विचारले.

आजी हसली. म्हणाली, "पहिला चीक वासराचा. उरेल तो आपला. पण तुझे बाबा जन्मले, तेव्हा त्यांना मात्र आम्ही पहिला चीक देणार नव्हतो!"

"का बरे?"

आजी सांगू लागली, "१९९७ साली आपल्या गडचिरोली जिल्ह्यात बाळंतपणे बहुधा घरीच होत. आईचे पहिले दूध घट्ट, पिवळसर असते. ते बाळाला बाधते, असे लोक मानत. ते पिळून टाकत आणि बाळाला गुळाचे पाणी देत. तुझ्या पणजीनेही वाटीत गूळ कालवला होता. तेवढ्यात आरोग्यदूतताई तिला म्हणाली, 'मावशी, वासराचा चीक तुम्ही फेकून देता का?'

'छे! चिकावाचून वासरू धडधाकट कसे होईल?'

'मग आपल्या बाळाचा का फेकायचा?'

पणजी गप्प झाली. तिने वाटी बाजूला ठेवली. ताईने बाळ माझ्या कुशीत दिले."

आजी थोडा वेळ थांबली. मग हळूच म्हणाली, "त्याच्या आधीचे माझे बाळ सातव्या दिवशी गेले होते रे. ताई तेव्हा असती तर!"

मी आजीचा हात घट्ट धरला.

मुलांनो, आईचे पहिले दूध थोडेच असते. पण नवजात बाळाला तेवढे पुरते. त्यात रोगांशी लढणारे घटक असतात. म्हणून जन्मानंतर तासाभरात बाळाला आईचे दूध पाजावे. पहिले सहा महिने फक्त आईचेच दूध द्यावे. वरचे पाणीसुद्धा देऊ नये.

डॉ. राणी बंग आणि डॉ. अभय बंग यांनी गडचिरोलीत 'सर्च' ही संस्था सुरू केली. तिने गावातल्याच स्त्रियांना शिकवून आरोग्यदूत केले. १९९५ पासून ३९ गावांत त्या घरोघरी जाऊ लागल्या. त्या बाळाचे वजन करत, त्याला ऊबदार ठेवायला शिकवत, आजार वेळीच ओळखून उपचार करत. तीन वर्षांत तेथील नवजात बाळांचे मृत्यू निम्म्याहून कमी झाले. आज देशभर आशाताई असेच घरी येऊन बाळाची विचारपूस करतात.

स्वाध्याय

१. एका वाक्यात उत्तरे लिहा.
(अ) पणजीने वाटीत काय कालवले होते?
(आ) बाळाला पहिले दूध केव्हा पाजावे?

२. कारणे सांगा.
(अ) पणजीने वाटी बाजूला ठेवली.
(आ) आईचे पहिले दूध फेकू नये.

३. तुमच्या गावातील आशाताईंना भेटा. त्या बाळाच्या घरी जाऊन काय काय पाहतात, ते विचारा व वर्गात सांगा.