दोन अहवाल, एकच मूल

बंगळुरूच्या बसवनगुडीतल्या मराठी घरात वाढणारं अडीच वर्षांचं मूल एका दिवसात तीन भाषा ऐकतं. घरात मराठी, कामाला येणाऱ्या अक्कांशी आणि गांधी बाजारात कन्नड, प्ले-स्कूलमध्ये इंग्रजी. असं मूल फारसं बोलत नसेल, हाकेला वळून पाहत नसेल, तर एक तज्ज्ञ अहवालात ऑटिझम लिहितात आणि दुसरे म्हणतात, ‘उशिरा बोलेल, थांबा.’ माझ्या घरची हकिकत इथे मांडायची नाही. त्यातून जे शिकले तेवढंच लिहिते. अशा वेळी पालक जो अहवाल दिलासा देतो तो खरा धरतात आणि दुसरा कपाटात ठेवून देतात. ही चूक फार महाग पडते. तज्ज्ञांचा मतभेद बहुतेक वेळा नावावर असतो. मुलाला कशात मदत हवी, यावर दोन्ही अहवाल अनेकदा बरंचसं तेच सांगत असतात, आणि आपण मात्र पहिल्या पानावरचा एक शब्द वाचून अहवाल मिटतो.

हा मतभेद कुणाच्या अज्ञानातूनच येतो असं नाही. ऑटिझम म्हणजे स्वमग्नतेचं निदान रक्त तपासून किंवा मेंदूचा स्कॅन काढून होत नाही. ते वागणुकीच्या निरीक्षणावर आणि पालकांच्या सांगण्यावर होतं. २०१२ साली प्रसिद्ध झालेल्या कॅथरीन लॉर्ड आणि सहकाऱ्यांच्या अभ्यासात अमेरिका-कॅनडातल्या १२ विद्यापीठ केंद्रांत दोन हजारांहून अधिक मुलं पाहिली होती. प्रमाणित चाचण्यांचे गुण केंद्राकेंद्रांत सारखेच होते, पण ऑटिझम, अ‍ॅस्पर्गर यांपैकी कोणतं पोटनाव द्यायचं ते केंद्र बदललं की बदलत होतं. पुढच्याच वर्षी आलेल्या ‘डीएसएम-५’ या निदानग्रंथाने ही पोटनावं एका छत्राखाली आणली. तो वाद मिटला, पण हद्द कुठे आखायची हा प्रश्न उरलाच. ‘कार्स’ या मोजपट्टीत १५ बाबी असतात आणि ३० गुणांना रेघ ओढलेली असते. एकाने २९.५ दिले आणि दुसऱ्याने ३०.५, तर अहवालात ‘नाही’ आणि ‘हो’ इतका फरक पडतो. मूल तेच असतं. ‘एम-चॅट’ ही तर २० प्रश्नांची चाळणी आहे. तिच्यात अडकलेल्या मुलाची नीट तपासणी करायची असते. तिला निदान समजू नये. म्हणून अहवाल हाती आला की कोणती पट्टी लावली, किती वेळ पाहिलं, कुठल्या भाषेत बोललं, हे आधी विचारावं.

भाषेच्या प्रश्नावर मला जरा थांबायचं आहे, कारण परमुलखातल्या मराठी मुलांची गफलत इथे होते. घरी ज्याला ‘सोन्या’ म्हणतात त्याला दवाखान्यात फाइलवरच्या नावाने हाक मारली जाते. तो वळला नाही, तर तो नावाला प्रतिसाद देत नाही अशी नोंद होऊ शकते. घरातलं नाव तपासणाऱ्याला आधीच सांगावं, आणि शक्य असेल तर मराठी समजणारी व्यक्ती खोलीत असावी. पण याच मुद्द्याचा आडोसा घेणाऱ्यांनाही सावध करायला हवं. तीन भाषांमुळे एकेका भाषेतले शब्द कमी दिसू शकतात, पण अनेक भाषा ऐकल्याने ऑटिझम होत नाही. खिडकीवर कावळा बसला की बोट दाखवून आईकडे पाहणं, भातुकलीत रिकाम्या वाटीतला भात आजीला भरवणं, यांना कुठलीच भाषा लागत नाही. हे होत नसेल, तर ‘त्याचे बाबाही चौथ्या वर्षी बोलले’ हे उत्तर पुरत नाही.

काळाचाही प्रश्न आहे. २०१९ साली प्रसिद्ध झालेल्या, १,२६९ लहानग्यांच्या अमेरिकी अभ्यासात ऑटिझमचं निदान ८४ टक्के मुलांत पुढेही टिकलं. पण अखेरीस ज्यांना ऑटिझम असल्याचं ठरलं, त्यांतल्या सुमारे २४ टक्के मुलांना पहिल्या भेटीत तसं म्हटलेलं नव्हतं. उलट २०२३ च्या बोस्टनमधल्या अभ्यासात एक ते तीन वर्षांच्या वयात निदान झालेल्या २१३ मुलांपैकी ३७ टक्के पाच ते सात वर्षांची होईपर्यंत निकषांत बसेनाशी झाली. दोन्ही आकडे मी गंभीरपणे घेते. ‘नाही’ म्हणणारा आज बरोबर असून वर्षभराने चुकीचा ठरू शकतो, आणि ‘हो’ म्हणणाराही.

मग थांबावं का? इथेच माझा खरा आग्रह आहे: मदत थांबवू नये. गोवा आणि रावळपिंडी इथे झालेल्या, २०१६ साली ‘लॅन्सेट सायकायट्री’त आलेल्या ‘पास’ चाचणीत ऑटिझम असलेली ६५ मुलं होती. तज्ज्ञ नसलेल्या, पण प्रशिक्षित कार्यकर्त्यांनी पालकांना मुलाच्या कलाने खेळायला आणि बोलायला शिकवलं, आणि मुलं आपणहून संवाद सुरू करण्यात पुढे गेली. असं खेळणं नुसत्या उशिरा बोलणाऱ्या मुलालाही बाधत नाही. यावर आक्षेप येतो की गरज नसलेल्या मुलावर उपचार लादले जातील. आठवड्याला तीस-चाळीस तासांचं महागडं पॅकेज असेल तर तो रास्त आहे. निदान स्पष्ट होईपर्यंत तसं काही घेऊ नये. ठप्पा बसण्याची भीतीही मी हलकी मानत नाही. पण २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यातल्या २१ प्रकारांत ऑटिझम आहे, आणि त्याखालच्या सवलतींना प्रमाणपत्र लागतं. नाव नाकारलं की हक्काची वाटही बंद होते. अहवाल शेजाऱ्यापाजाऱ्यांना दाखवावा असं कुणीच म्हणत नाही.

तेव्हा आधी कानाची तपासणी करून घ्यावी. ऐकू कमी येणारं मूलही हाकेला वळत नाही. दुसऱ्या तज्ज्ञांची परीक्षा पाहायची म्हणून पहिला अहवाल लपवू नये. हवं तर त्यांनी मुलाला पाहिल्यावर द्यावा, पण गुणांच्या तक्त्यासह द्यावा आणि ‘तुमचं कुठल्या बाबीवर जमत नाही?’ असं थेट विचारावं. जेवताना, आजोबांबरोबर, बागेत इतर मुलांमध्ये असे दोन-तीन मिनिटांचे व्हिडिओ सोबत न्यावेत, कारण दवाखान्यातली पाऊण तासाची भेट म्हणजे मुलाचा सगळा दिवस नव्हे. क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट आणि स्पीच थेरपिस्ट भारतीय पुनर्वास परिषदेत नोंदणीकृत आहेत का, ते पाहावं. स्टेम सेलने ऑटिझम बरा करून देतो म्हणणाऱ्याच्या दारात या गोंधळाच्या काळात तर मुळीच जाऊ नये. मत तरीही जुळत नसेल, तर इथल्या लोकांना निम्हान्स ही मानसिक आरोग्याची राष्ट्रीय संस्था लांब नाही. तिथे बालमानसोपचाराचा स्वतंत्र विभाग आहे. आणि निघण्यापूर्वी फेरतपासणीची तारीख मागून घ्यावी, सहा महिन्यांनंतरची, तीच मोजपट्टी लावून, आणि मुलाला घरातल्या नावाने हाक मारून.