न थकतां मागणें
(लूक 18:1–8)

मुंबईत लालबाग येथें 1932 सालीं बाजार बंद पडला, तेव्हां तेथील कोळी व विक्रेते यांनीं कायमच्या जागेसाठीं गणपतीस नवस केला. जागा मिळाली, आणि 1934 पासून तेथें उत्सव होऊं लागला. आजही नवसाच्या रांगेंत लोक तासन् तास उभे राहतात. ती श्रद्धा आमची नाहीं. पण त्या चिकाटीस आपण हंसूं नये. उपासनेंतील प्रार्थना लांबली कीं आपल्यांतील कित्येकांची चुळबुळ सुरू होते!

तरी नवसांत “हें दे, मग तें वाहीन” असा करार असतो. दाखल्यांतील विधवेजवळ द्यावयास कांहींच नव्हतें. ती केवळ येत राहिली. हन्नेनेंही नवस केला होता, असें कोणी म्हणेल. खरें आहे, परंतु नवसाआधीं तिनें आपलें अंतःकरण देवापुढें ओतलें.

देव त्या न्यायाधीशासारखा निष्ठुर नाहीं. मग रोज कां मागावें? कारण मागतां मागतां मागणेंच शुद्ध होतें. केडगांव येथें 1905 च्या जानेवारींत पंडिता रमाबाईंनीं रोजच्या प्रार्थनेसाठीं सुमारें 70 जणी जमविल्या. त्या धान्य मागत नव्हत्या, पवित्र आत्मा मागत होत्या. जागृति जूनच्या अखेरीस आली. तोंवर संख्या साडेपांचशेंवर गेली होती.

बंधुभगिनींनो, आजारी लेंकरूं असो वा सावकाराचें देणें, शेतावर निघण्यापूर्वीं तें रोज नांव घेऊन देवापुढें मांडावें. शब्द न सुचल्यास हन्नेप्रमाणें नुसते ओंठ हालवावे.