भाकरीला घट्ट वरणाची जोड

लायसिन हे शरीराला स्वतः तयार करता न येणाऱ्या नऊ अमिनो आम्लांपैकी एक. ते अन्नातूनच यावे लागते. स्नायूंची झीज भरून काढायला, हाडे आणि त्वचेतले कोलॅजन घडवायला, चरबीपासून ऊर्जा मिळवून देणारे कार्निटिन बनवायला ते लागते. जागतिक आरोग्य संघटनेच्या 2007 च्या अहवालानुसार प्रौढांना दर किलो वजनामागे रोज 30 मिलिग्रॅम लायसिन हवे, म्हणजे 50 किलोच्या बाईला दीड ग्रॅम.

यवतमाळ जिल्ह्यातल्या ताटात ते कमी पडते ज्वारीपायी. 100 ग्रॅम ज्वारीत प्रथिने 10 ग्रॅमच्या आसपास असतात, पण लायसिन जेमतेम पाव ग्रॅम. भाकर सोडून गव्हाची पोळी धरली तरी फारसे साधत नाही. लायसिन अपुरे असले की बाकीची अमिनो आम्ले असूनही बांधणीला लागत नाहीत, शरीर ती जाळून टाकते. भाकर आणि ठेच्यावर दिवस काढणाऱ्या मजूर बाईचे पोट भरते, अंग मात्र भरत नाही.

ही उणीव भरून काढणारे पीक कपाशीच्या ओळींमध्येच उभे असते. तुरीच्या 100 ग्रॅम डाळीत सुमारे दीड ग्रॅम लायसिन असते. तुरीत कमी असलेले मेथिओनिन हे दुसरे अमिनो आम्ल ज्वारी पुरवते. दिवसाला 300 ग्रॅम ज्वारीचे पीठ आणि 60-70 ग्रॅम कोरडी डाळ पोटात गेली की हिशेब जुळतो. तूर बाजारात आणि घरी पाण्यासारखे वरण, असे असेल तर जुळत नाही: वाटी भरलेली दिसते, तळाशी डाळ दोन चमचे. वरण घट्ट हवे. हिवाळ्यात सोलेभात, एरवी बेसन किंवा गोळाभातही चालतो. शेंगदाण्याची आणि जवसाची चटणी चवीला उत्तम, पण लायसिनसाठी तिच्या भरवशावर राहू नये.

सोयाबीनमध्ये लायसिन तुरीहूनही जास्त. मात्र कच्च्या दाण्यातले काही घटक प्रथिनांचे पचन अडवतात, म्हणून दाणे भिजवून चांगले शिजवावेत. धान्य-डाळी करपेपर्यंत भाजल्यास लायसिन घटते.

एका अंड्यातून साधारण 450, पाव लिटर दुधातून 600 मिलिग्रॅम मिळते. वाढत्या मुलांना आणि गरोदर बायांना यातले काहीतरी रोज द्यावे. लायसिनच्या गोळ्यांची निरोगी माणसाला गरज नाही. मूत्रपिंडाचा आजार असल्यास डाळीचे प्रमाण डॉक्टरांना विचारूनच ठरवावे.