जवळ बसून पाहणारा

आजचं वाचन : श्रीमद्भगवद्गीता, अध्याय १३, श्लोक २२ (काही प्रतींत २३)



तेरावा अध्याय क्षेत्र आणि क्षेत्रज्ञ यांचा. देह हे शेत, आणि त्या शेताला जाणणारा तो क्षेत्रज्ञ. आजच्या श्लोकात भगवंत या देहातच राहणाऱ्या परमपुरुषाला एकामागून एक नावं देतात. पहिलं नाव उपद्रष्टा, दुसरं अनुमंता. पुढे आणखी नावं आहेत, पण आज आपण या दोन नावांपाशीच थांबू. कारण लहानपणापासून आपल्या मनात बसलेल्या एका वाक्याची इथे परीक्षा होते. ते वाक्य म्हणजे, ‘देव बघतोय हं!’

देव बघतोय

हे वाक्य ऐकलं नाही असं मराठी घर सापडणार नाही. डब्यातला लाडू उचलताना, पाटीवर खोटा शेरा मारताना, आजीला थाप मारताना ते कानावर पडतंच. मोठं झाल्यावर त्याचं रूप बदलतं. सोसायटीच्या जिन्यात कोपऱ्याकोपऱ्यात साईबाबा, गणपती, क्रॉस, मक्का यांच्या टाइल्स लावलेल्या असतात. त्या पूजेसाठी नसतात, लोकांनी पान खाऊन थुंकू नये म्हणून असतात. जगाचा नियंता आपण जिन्याच्या राखणीला बसवलाय! आणि गंमत म्हणजे उपाय लागू पडतो. टाइल असते तो कोपरा स्वच्छ असतो, त्याच्या शेजारचा लाल.

इंग्लंडच्या न्यूकॅसल विद्यापीठातल्या संशोधकांनी २००६ मध्ये एक साधा प्रयोग प्रसिद्ध केला. विभागात चहा-कॉफी घ्यायची आणि पैसे आपले आपण डब्यात टाकायचे, अशी पद्धत होती. दरपत्रकाच्या वर कधी फुलांचं चित्र लावलं, कधी माणसाच्या डोळ्यांचं. डोळ्यांच्या आठवड्यांत डब्यात जवळजवळ तिप्पट पैसे जमले. कागदावरचे डोळे, तेही नुसते छापलेले. आपल्याकडे शनिशिंगणापूरला घरांना चौकटी आहेत पण दारं नाहीत, याच्यामागेही तोच विश्वास आहे, की राखण करणारा जागा आहे.

तेव्हा ‘देव बघतोय’ या वाक्यात ताकद आहे हे आधी मान्य करू. पण ती ताकद कुठवर पुरते? लाडू, थुंकी, चहाचे पैसे इथवर पुरते. त्यापुढे?

बघणारे होते, तरी

त्याच वर्षी, म्हणजे २००६ साली, २९ सप्टेंबरला भंडारा जिल्ह्यातल्या मोहाडी तालुक्यात खैरलांजी गावात भोतमांगे कुटुंबातल्या चौघांची हत्या झाली. आई, मुलगी आणि दोन मुलं. वडील तेवढे वाचले. कुटुंब बौद्ध, गावात अल्पसंख्य. हे अंधाऱ्या रानात, कोणाला पत्ता न लागता घडलं नाही. संध्याकाळी, गावात, लोकांच्या देखत घडलं.

या प्रकरणातला एक तपशील आजच्या श्लोकाशी थेट भिडतो. मायलेकींनी त्याआधी एका मारहाणीच्या प्रकरणात आरोपींविरुद्ध जबाब दिला होता. जे पाहिलं ते त्यांनी सांगितलं. त्याच रागातून ही हत्या झाली, असं न्यायालयाने मानलं. अॅट्रॉसिटी कायदा मात्र लावला नाही, आणि ते अनेकांना आजही पटलेलं नाही. सप्टेंबर २००८ मध्ये भंडाऱ्याच्या न्यायालयाने आठ जणांना दोषी ठरवलं. सहा जणांना फाशी आणि दोघांना जन्मठेप झाली. जुलै २०१० मध्ये मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने फाशीची शिक्षा बदलून २५ वर्षांची जन्मठेप केली.

मंडळी, हे सगळं मी भक्तीच्या पानावर का लिहितोय? कारण आपण नेहमी म्हणतो की माणूस नजरेला घाबरून नीट वागतो. त्या संध्याकाळी नजरांची कमी नव्हती. गावाची नजर होती. आणि देवाची नजर तर आपल्या श्रद्धेप्रमाणे सगळीकडे असतेच. मग नजर कुठे कमी पडली?

महाभारताला हा प्रश्न नवा नाही. द्यूतसभेत द्रौपदीला ओढून आणलं तेव्हा सभा भरलेली होती. भीष्म होते, द्रोण होते, राजा होता. सगळे बघत होते. तिथे विदुर उठून पापाची वाटणी सांगतो. निंद्य गोष्टीची निंदा जिथे होत नाही तिथे अर्धं पाप सभेच्या प्रमुखाला, चौथा हिस्सा करणाऱ्याला, आणि उरलेला चौथा हिस्सा गप्प बसून पाहणाऱ्या सभासदांना. पुन्हा वाचा. करणाऱ्याच्या वाट्याला जेवढं, तेवढंच बघत बसणाऱ्यांच्या वाट्याला.

उपद्रष्टा

आता श्लोकाकडे येऊ. ‘द्रष्टा’ म्हणजे पाहणारा. मग आधी ‘उप’ कशाला? उप म्हणजे जवळ. शंकराचार्य इथे यज्ञाचं उदाहरण देतात. यज्ञात ऋत्विज आणि यजमान आपापल्या कामात गुंतलेले असतात. त्यांच्याजवळ यज्ञविद्येतला एक जाणकार बसलेला असतो. तो स्वतः काही करत नाही, पण कुठे चुकलं आणि कुठे साधलं हे त्याला कळत असतं. देहातला साक्षी तसा आहे, असं आचार्य म्हणतात.

या चित्रात आणि जिन्यातल्या टाइलमध्ये केवढा फरक आहे बघा. टाइलमधला देव बाहेर असतो, आपण तिच्यासमोरून गेलो की संपलं. कॅमेरा वर असतो. त्याला आपला चेहरा दिसतो, मन दिसत नाही. म्हणून कॅमेऱ्याचा कोन कळला की माणूस त्याच्या बाजूने वाट काढतो. उपद्रष्टा मात्र आतच बसलाय, त्याला कोन नाही. आणि त्याला नुसता गुन्हा दिसत नाही, मोह दिसतो, धडपड दिसते, आपण कुठे सावरलो तेही दिसतं.

कीर्तनात कनकदासांची गोष्ट तुम्ही ऐकली असेल. गुरूंनी शिष्यांना केळी दिली आणि कोणी पाहणार नाही अशा जागी जाऊन खा म्हणून सांगितलं. सगळे खाऊन आले. कनकदास केळं तसंच घेऊन परतले, कारण कोणी पाहत नाही अशी जागाच त्यांना मिळाली नाही. ही गोष्ट बहुधा धाक म्हणून सांगतात. मला तिच्यात धाक दिसत नाही. कनकदास कुठेही गेले तरी एकटे नव्हते, एवढंच ती गोष्ट सांगते.

अनुमंता

दुसरं नाव जास्त अवघड आहे. अनुमंता म्हणजे अनुमती देणारा. आचार्य याचे एकाहून अधिक अर्थ देतात. त्यातला एक असा : देह आणि इंद्रियं आपापल्या व्यापाराला लागली की हा साक्षी त्यांना कधीच अडवत नाही.

कधीच अडवत नाही! म्हणजे ‘देव बघतोय’ हे खरं, पण तो हात धरणार नाही. लाडू उचलताना धरला नाही, खैरलांजीतही धरला नाही. हे ऐकून श्रद्धेला धक्का बसतो, बसू दे. गीता इथे आपली खोटी समजूत घालत नाही. अडवण्याचं काम तिने माणसाच्या हातांवर सोडलंय.

आणि म्हणूनच हेच नाव माणसाला लागलं की अर्थ पालटतो. महाभारताच्या अनुशासनपर्वात अहिंसेचा विचार चालू असताना प्राण्याच्या हत्येला जबाबदार कोण याची यादी येते. पशू आणणारा, कापणारा, विकणारा, शिजवणारा, खाणारा. त्या यादीत ‘अनुमंता’ही आहे, आणि सगळ्यांना घातक म्हटलंय. देवासाठी जे नाव आहे, तोच माणसासाठी आरोप आहे. आपण साक्षीभाव साक्षीभाव म्हणतो, ध्यानाच्या अॅपवरही तो शब्द आलाय. पण समोर अन्याय चालू असताना शांत बसून बघणं हा साक्षीभाव नव्हे, ती अनुमती आहे.

मराठीत ‘साक्ष’ हा शब्द फार चांगला आहे. साक्ष असते आणि साक्ष द्यावी लागते. पाहिलं की अर्धी झाली, बोललं की पुरी. त्या मायलेकींनी पुरी साक्ष दिली होती. आणि पुढे खटल्यात गावातल्याच काही मोजक्या लोकांनी जे पाहिलं ते न्यायालयात सांगितलं, म्हणून दोष सिद्ध होऊ शकला. गावात राहून हे सांगणं सोपं नव्हतं.

पवनीचा धडा

कोणी विचारेल, देव अडवत नाही तर मग माणसाला धरून ठेवतं तरी काय? याचं एक उत्तर त्याच भंडारा जिल्ह्यात, वैनगंगेच्या काठी पवनीला आहे. तिथे १९६९-७० मध्ये नागपूर विद्यापीठ आणि पुरातत्त्व खात्याने उत्खनन केलं आणि दोन हजार वर्षांहून जुना बौद्ध स्तूप उजेडात आला. दान देणाऱ्यांची नावं दगडांवर कोरलेली सापडली. तो स्तूप बांधणाऱ्यांच्या धम्मात वरून पाहणारा, शिक्षा करणारा ईश्वर नव्हता. तरी शील होतं, दान होतं.

बुद्धांनी जगाच्या दोन राखणदारांची नावं सांगितली आहेत, हिरी आणि ओत्तप्प. हिरी म्हणजे वाईट करताना स्वतःचीच वाटणारी लाज. ओत्तप्प म्हणजे परिणामाची आणि निंदेची भीती. या दोन नसत्या तर आई, मावशी, गुरुपत्नी ही ओळखही जगात उरली नसती, असं ते सांगतात. डॉ. बाबासाहेब आंबेडकर १९५४ ची लोकसभा पोटनिवडणूक याच भंडाऱ्यातून लढले आणि हरले. त्यांच्या मृत्यूनंतर १९५७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘द बुद्ध अँड हिज धम्म’ या ग्रंथात त्यांनी मांडलंय की इतर धर्मांत जी जागा ईश्वराची, ती धम्मात नीतीची. आपण भक्त आहोत, आपली वाट वेगळी. पण ईश्वर न मानणाऱ्याला नीती कुठून येणार, असं हिणवण्याआधी आपण पवनीला एकदा जाऊन यावं.

आता बघा, ओत्तप्प गावावर अवलंबून असते. गाव निंदा करेल तरच तिची भीती. गावानेच मान वळवली तर ही राखण उठते. तेव्हा उरते फक्त हिरी, आतली लाज. आणि लाज आपल्याला कोणाची वाटते? ज्याला आपण माणूस म्हणून मोजतो, त्याची. जातीने, पैशाने, कामाने ज्याला मोजणीतून आधीच काढून टाकलंय, त्याच्यासमोर लाज वाटतच नाही. नजर कमी पडली ती इथे, असं मला वाटतं.

पाच-सहा श्लोक पुढे

गीतेने हे ओळखलंय. आजच्या श्लोकावर थांबू नका, २७ आणि २८ वा श्लोक वाचा. तिथे भगवंत म्हणतात की जो सर्व भूतांत सारखाच राहिलेला परमेश्वर पाहतो, तोच खरं पाहतो. आणि असा पाहणारा आपल्याच हाताने आपला घात करत नाही. म्हणजे क्रम असा आहे : आधी कळतं की माझ्या देहात एक पाहणारा आहे. मग कळतं की तोच समोरच्या देहातही आहे. आणि मग हात आपोआप थांबतो.

‘देव बघतोय’ म्हटलं की आपण वर बघतो. या दोन श्लोकांनंतर समोर बघावं लागतं. खैरलांजीत देव कुठे होता, या प्रश्नाला मला गीतेत एकच उत्तर सापडतं. तो त्या चौघांच्या डोळ्यांतून बघत होता. हे सांत्वन नाही. हे वाचून जीव शांत होऊ नये, असंच ते आहे.

आपल्या शहरातल्या घरांत हे रोज येतं. स्वयंपाकघरात काम करणाऱ्या ताईंवर कॅमेरा लावलेला असतो. त्यांनी डब्यातून काही उचललं तर दिसेल. पण त्यांना वेगळा कप दिला, वेगळी लिफ्ट दिली, सुट्टीचे पैसे कापले, ते कुठल्या कॅमेऱ्यात दिसतं? ते त्यांच्या डोळ्यांना दिसतं. उपद्रष्टा तिथेच बसलाय, चार फुटांवर.

आजचा अभ्यास

१. आज रात्री झोपण्याआधी दोन मिनिटं बसा आणि दिवसभरात आपल्याकडे ज्यांनी पाहिलं त्यांचे डोळे आठवा. रिक्षावाला, वॉचमन, घरकामाच्या ताई, ऑफिसातला नवा मुलगा. त्यांच्या नजरेने आपला दिवस एकदा बघा.

२. ग्रुपवर कोणाच्या जातीवरून, धर्मावरून विनोद आला तर या आठवड्यात एकदा तरी लिहा, ‘हे मला पटत नाही.’ भांडण नको, एवढं एक वाक्य पुरे. गप्प राहिलो तर आपण अनुमंता.

३. तेराव्या अध्यायातले २२, २७ आणि २८ हे तीन श्लोक अर्थासह एका बैठकीत वाचा. जमलं तर ज्ञानेश्वरीतल्या तिथल्या ओव्याही वाचा.

उद्या याच अध्यायातल्या पुढच्या श्लोकाकडे जाऊ.

राम कृष्ण हरी.