‘एकच प्याला’ : शोकांताची जबाबदारी कोणाची?

राम गणेश गडकरी यांचे ‘एकच प्याला’ हे नाटक गंधर्व नाटक मंडळीने १९१९ साली रंगभूमीवर आणले. त्यापूर्वीच, २३ जानेवारी १९१९ रोजी, गडकरींचे निधन झाले होते. नाटकाच्या शेवटी तान्हे मूल जाते, सिंधू जाते आणि सुधाकर विष घेऊन जीवन संपवितो. या सर्वनाशास जबाबदार कोण, हा प्रश्न आजही अभ्यासण्याजोगा आहे.

बहुतेकांचे बोट तळीरामाकडे जाते. त्याचे नावच मराठीत मद्यप्यासाठी रूढ झाले. परंतु इतिहासाचा अभ्यासक निमित्त आणि कारण यांत भेद करतो. तळीरामाने प्याला पुढे केला. तो ओठांना लावणारा हात सुधाकराचाच होता. न्यायालयातील वादामुळे वकिलीची सनद सहा महिन्यांसाठी गेली आणि बुद्धिमान, स्वाभिमानी सुधाकराला तो अपमान सोसवला नाही. दुःख विसरण्यासाठी घेतलेला पहिला घोट ही त्याची स्वतःची निवड होती.

तथापि सारा भार एका माणसावर टाकून समाजाला निर्दोष ठरविता येत नाही. सुधाकर मद्यत्यागाचा निश्चय करून नोकरीच्या शोधात निघतो, तेव्हा प्रतिष्ठितांच्या दारी त्याला अवहेलनाच मिळते आणि तो पुन्हा प्याल्याकडे वळतो. सावरू पाहणाऱ्याला हात न देणाराही दोषाचा वाटेकरी असतो. मद्यातून महसूल मिळविणारी राजसत्ताही यातून सुटत नाही. महात्मा जोतीराव फुले यांनी पुणे नगरपालिकेचे सदस्य असताना, १८८० साली, दारूच्या दुकानांना लेखी विरोध केला होता, याचे येथे स्मरण व्हावे.

आता सिंधूविषयी. ती माहेरची मदत नाकारते, दळण दळते आणि मरणाच्या दारातही पतीला वाचविण्यासाठी खोटे बोलते. पिढ्यान्‌पिढ्यांच्या प्रेक्षकांनी तिच्यासाठी अश्रू ढाळले. मात्र तिला हे सोसणे शिकविले कोणी, असे फार थोड्यांनी विचारले. दोष सिंधूचा नव्हे; पतीच परमेश्वर मानावयास लावणाऱ्या धर्मशास्त्राचा आहे. २५ डिसेंबर १९२७ रोजी महाड येथे मनुस्मृतीचे दहन झाले, ते अशाच शिकवणुकीविरुद्ध होते. याच नाटकातील तळीरामाची पत्नी गीता नवऱ्याविरुद्ध स्पष्ट बोलते. आपल्या लेकींनी तिच्याकडेही पाहावे.

भगवान बुद्धांनी सांगितलेला प्रतीत्यसमुत्पाद हेच शिकवितो, की कोणतीही घटना एकाच कारणाने घडत नाही. अपमान, सोबत, समाजाची उपेक्षा, स्त्रीचे मौन ही सारी साखळीची कडी होत. पण धम्मात कर्माचे मूळ चेतनेत आहे. म्हणून कारणे अनेक असली तरी कर्त्याची जबाबदारी नाहीशी होत नाही. पंचशीलातील पाचवे शील मद्यापासून दूर राहावयास सांगते. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपुरात बाबासाहेबांनी दिलेल्या बावीस प्रतिज्ञांतही मद्यपान न करण्याची प्रतिज्ञा आहे.

ही साखळी प्रत्येक कडीशी तुटू शकत होती. मित्राने प्याला पुढे केला नसता, मालकाने काम दिले असते, पत्नीने वेळीच ठाम नकार दिला असता, तर शेवट वेगळा झाला असता. आणि सर्वांत आधी सुधाकराने स्वतः पहिल्या घोटास नाही म्हटले असते तर. वसतिगृहातून शिकून बाहेर पडलेल्या आपल्या मुलांना नोकरीत, शहरात, मित्रमंडळीत हा प्याला केव्हातरी पुढे केला जाईलच. त्या क्षणी शील त्यांचे त्यांनाच पाळावे लागेल. पाय घसरलाच, तर त्यांना परत येण्यासाठी दार उघडे ठेवणे हे आपणा सर्वांचे कर्तव्य आहे.