दोषांसह स्वीकार : ‘स्मृतिचित्रे’तील कृपातत्त्व आणि ऋद्धपूरची लीळापरंपरा

मराठी संतवाङ्मयाच्या अभ्यासकाला ‘कृपा’ हा शब्द इतका परिचित आहे की, त्याचा अर्थ स्वतंत्रपणे तपासण्याची गरज सहसा भासत नाही. गुरुकृपा, ईश्वरकृपा, कृपादृष्टी, कृपाप्रसाद या शब्दांच्या सहवासात त्याच्या अनेक अर्थच्छटा मराठी मनात स्थिरावल्या आहेत. हाच शब्द मराठी ख्रिस्ती वाङ्मयाने आपल्या धर्मश्रद्धेतील मध्यवर्ती संकल्पनेसाठी स्वीकारला. शब्द तोच राहिला, परंतु त्यामागील मानवविषयक धारणा काही अंशी निराळी होती. सदोष माणसाचे कृपेने रूपांतर होते म्हणजे नेमके काय होते, हा प्रश्न मराठी वाङ्मयापुढे या निमित्ताने नव्याने उभा राहिला. लक्ष्मीबाई टिळकांच्या ‘स्मृतिचित्रे’ या आत्मचरित्राच्या आधारे या प्रश्नाचा विचार करणे आणि वऱ्हाडातील ऋद्धपूर येथे आकारास आलेल्या महानुभाव गद्याच्या सान्निध्यात तो पडताळून पाहणे, हा प्रस्तुत लेखाचा उद्देश आहे.

वऱ्हाडच्या संदर्भात हा विचार अप्रस्तुत ठरू नये. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपासून अकोला-अमरावती परिसरात ‘ख्रिश्चन अँड मिशनरी अलायन्स’ या अमेरिकन मिशनचे कार्य सुरू झाले. अमरावती हे १९५५ पासून रोमन कॅथलिक धर्मप्रांताचे केंद्र आहे. मराठीतून प्रार्थना करणारा ख्रिस्ती समाज या भूभागाच्या सांस्कृतिक जीवनाचा घटक आहे. आणि याच भूभागात ऋद्धपूरही आहे.

१. कृपेची ख्रिस्ती संकल्पना

ख्रिस्ती विचारानुसार पाप हे केवळ निषिद्ध कृत्य नव्हे. ते देव आणि माणूस यांच्यातील नात्याचा भंग आहे. म्हणून पुण्याची बेरीज करून पापाची वजाबाकी करता येत नाही. भंगलेले नाते दुखावलेल्या पक्षाने पुढाकार घेऊन जोडावे लागते, आणि हा पुढाकार म्हणजेच कृपा. लूककृत शुभवर्तमानातील उधळ्या पुत्राच्या दाखल्यात हे सूत्र स्पष्ट दिसते. मुलगा क्षमायाचनेचे शब्द मनात जुळवून घरी येतो. परंतु बाप त्याला दुरूनच पाहून धावत जातो. मिठी आधी पडते, कबुलीजबाब नंतर होतो. जक्कय या जकातदाराच्या कथेतही हाच क्रम आहे. येशू प्रथम त्याच्या घरी उतरण्याचे ठरवतो आणि त्यानंतर जक्कय लुबाडलेले चौपट परत करण्यास सिद्ध होतो. सुधारणा ही स्वीकाराची पूर्वअट नसून स्वीकाराचे फळ आहे.

हे रूपांतर एका क्षणात पूर्ण होते की आयुष्यभर चालू राहते, याविषयी ख्रिस्ती परंपरेत दीर्घ चर्चा झाली आहे. पाचव्या शतकाच्या प्रारंभी ऑगस्टीनने पेलागिअसच्या विरोधात असे प्रतिपादिले की, माणसाची इच्छाशक्तीच दुबळी झाल्यामुळे सत्प्रवृत्तीचा आरंभही कृपेनेच होतो. सोळाव्या शतकात मार्टिन ल्यूथरने नीतिमान ठरविला गेलेला माणूसही पापीच असतो, असे मत मांडले; ट्रेंटच्या धर्मपरिषदेने (१५४५-६३) कृपेमुळे होणाऱ्या आंतरिक नूतनीकरणावर भर दिला. या प्रश्नावर लुथरन व कॅथलिक पक्षांनी १९९९ मध्ये ऑग्सबर्ग येथे संयुक्त घोषणापत्रावर स्वाक्षऱ्या केल्या. वाङ्मयाच्या अभ्यासकाला या वादातील एक गोष्ट विशेष महत्त्वाची आहे. ऑगस्टीनच्या ‘कन्फेशन्स’ या आत्मनिवेदनाच्या दहाव्या भागात त्याने बाप्तिस्म्यानंतरही आपल्यात उरलेल्या मोहांची तपासणी केली आहे. धर्मांतराच्या प्रसंगापाशी त्याचे निवेदन संपत नाही. आत्मचरित्र या वाङ्मयप्रकाराच्या दृष्टीने ही बाब निर्णायक ठरते.

२. मराठी शब्दांवर आलेला नवा भार

मराठीत ही संकल्पना आणताना शब्दांची निवड हा केवळ भाषांतराचा प्रश्न नव्हता. फादर स्टीफन्स यांनी १६१६ साली रायतूर येथे मुद्रित झालेल्या ‘ख्रिस्तपुराणा’त पुराण आणि ओवी हे मराठी श्रोत्याच्या ओळखीचे घाट स्वीकारले. पुढे बायबलच्या मराठी भाषांतरांतून ‘कृपा’, ‘तारण’, ‘पश्चात्ताप’, ‘प्रायश्चित्त’ हे शब्द रूढ झाले. यांपैकी ‘प्रायश्चित्त’ हा शब्द उद्बोधक आहे. धर्मशास्त्रात प्रायश्चित्त पाप करणाऱ्याने स्वतः घ्यावयाचे असते. त्याचे विधी, दाने आणि उपोषणे ठरलेली असतात. ख्रिस्ती मराठीत मात्र ख्रिस्ताचे बलिदान हेच पापांबद्दलचे प्रायश्चित्त मानले जाते. म्हणजे ज्याने अपराध केला नाही त्याने ते घेतले, आणि ज्याने अपराध केला त्याला ते दान म्हणून मिळाले. शब्द जुना राहून त्याचा कर्ता बदलला. पंडिता रमाबाईंनी आपल्या बायबल भाषांतरात (१९२४) हिंदू धर्मकल्पनांचा संस्कार असलेले शब्द टाळण्याचा प्रयत्न केला, यामागील कारण या उदाहरणावरून लक्षात येते.

नारायण वामन टिळकांची भूमिका याहून वेगळी होती. परंपरेतील शब्दांचा संस्कार त्यांना अडचण वाटला नाही. तुकारामाच्या सेतूवरून आपण ख्रिस्तापर्यंत पोचलो, ही त्यांची धारणा प्रसिद्ध आहे. स्वतःला पतित म्हणवून घेणारी आणि देवाच्या पतितपावन ब्रीदाला साद घालणारी वारकरी वाणी त्यांना कृपेची पूर्वतयारी वाटली. ‘अभंगांजली’चा घाट या धारणेतूनच आला आहे.

३. ‘अरुणोदय’ ते ‘स्मृतिचित्रे’

१८५४ साली ख्रिस्ती झालेल्या बाबा पदमनजी यांचे ‘अरुणोदय’ आणि लक्ष्मीबाईंची ‘स्मृतिचित्रे’ ही मराठीतील दोन महत्त्वाची ख्रिस्ती आत्मचरित्रे आहेत. पदमनजींच्या ग्रंथाचे शीर्षकच त्याची रचना सांगते. अंधार सरतो आणि प्रकाश येतो. शंका, शोध आणि सत्याचा निश्चय अशा क्रमाने निवेदन पुढे जाते. ‘स्मृतिचित्रे’त अशी सरळ रेषा नाही. १९३४ पासून चार भागांत प्रसिद्ध झालेल्या या ग्रंथात धर्मशास्त्रीय परिभाषेपेक्षा घर, भांडी, प्रवास, आजारपणे आणि भांडणेच अधिक आहेत. तरीही कृपेच्या संकल्पनेचा अधिक खोल वाङ्मयीन प्रत्यय याच ग्रंथात येतो, असे म्हणता येईल.

ग्रंथाच्या आरंभी वडिलांच्या सोवळ्याचे चित्र आहे. सत्तावन्नच्या बंडानंतर निकटच्या आप्ताला फाशी झाली आणि त्या आघातातून वडिलांच्या मनाने सोवळ्याचा आत्यंतिक ध्यास घेतला. घरात येणारी प्रत्येक वस्तू, पाण्याने विरघळणारीसुद्धा, धुवून घेतली जाई. या चित्रात विनोद आहे. परंतु त्याच्या मुळाशी भीती आहे. जगाच्या अशुद्धतेपासून स्वतःच्या प्रयत्नाने सुटू पाहणाऱ्या माणसाची ही दशा आहे. कितीही धुतले तरी धुणे संपत नाही. कृपा या संकल्पनेच्या नेमकी विरुद्ध बाजू लक्ष्मीबाईंनी, तिचे नावही न घेता, पहिल्याच पानांत उभी केली आहे.

टिळकांचे चित्रणही असेच आहे. नागपूरहून राजनांदगावकडे जाताना आगगाडीत भेटलेल्या युरोपियन सहप्रवाशाने त्यांना नवा करार वाचावयास सांगितला, आणि १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत त्यांनी बाप्तिस्मा घेतला. चरित्रकाराने येथे रागीट, लहरी, अव्यवहारी टिळकांची अखेर आणि संत टिळकांचा आरंभ दाखविला असता, तर ते रूढ पद्धतीला धरून झाले असते. लक्ष्मीबाई तसे करीत नाहीत. त्यांचे टिळक बाप्तिस्म्यानंतरही तापट आहेत, हाती आलेला पैसा देऊन टाकणारे आहेत, अचानक उठून निघून जाणारे आहेत. बदल झाला आहे तो दोषांच्या दिशेत. जी बेफिकिरी पूर्वी संसाराला छळत होती तीच दुष्काळातील अनाथ मुलांसाठी घराचे दार उघडते. जी अस्वस्थता त्यांना गावोगाव फिरवीत होती तीच १९१७ साली मिशनची नोकरी सोडावयास लावून, बाप्तिस्मा घेतलेल्या व न घेतलेल्या ख्रिस्तभक्तांना एकत्र आणणाऱ्या ‘देवाच्या दरबारा’कडे नेते. स्वभाव नष्ट होत नाही. तो दुसऱ्याच्या कामी लागतो.

लक्ष्मीबाईंच्या स्वतःच्या परिवर्तनाचा क्रम याहूनही लक्षणीय आहे. सुमारे पाच वर्षांच्या वियोगानंतर त्या पतीकडे आल्या, त्या सोवळे सांभाळूनच. त्यांची चूल वेगळी राहिली आणि टिळकांनी तिला हात लावला नाही. पुढे जातिभेद ईश्वराने निर्माण केला की माणसाने, हा प्रश्न त्यांच्या मनात उभा राहिला, आणि तो मानवनिर्मित आहे असे उत्तर मिळताच कोणाच्याही हातचे अन्नपाणी घेण्याचा त्यांनी निश्चय केला. बाप्तिस्मा त्यानंतर, १९०० साली झाला. येथे आधी वादविवाद नाही आणि सक्तीही नाही. वेगळ्या चुलीसह त्या घरात स्वीकारल्या गेल्या, आणि या स्वीकाराच्या अवकाशात चूल वेगळी ठेवण्याचे कारणच उरले नाही. उधळ्या पुत्राच्या दाखल्यातील क्रम येथे एका मराठी स्वयंपाकघरात घडताना दिसतो.

४. ऋद्धपूरची लीळापरंपरा

दोषी माणसाच्या उद्धाराचे हे चित्रण मराठी गद्याला सर्वस्वी नवे होते काय? या प्रश्नासाठी ऋद्धपूरकडे वळणे आवश्यक आहे. चक्रधरांच्या प्रयाणानंतर नागदेवाचार्यादी अनुयायी ऋद्धपूरला श्रीगोविंदप्रभूंच्या सन्निध आले, आणि तेराव्या शतकाच्या अखेरच्या चरणात तेथे म्हाइंभटाने नागदेवाच्या आठवणींच्या आधारे ‘लीळाचरित्र’ सिद्ध केले. म्हाइंभट हा विद्येचा अभिमान बाळगणारा पंडित. वाद जिंकण्याच्या ईर्षेने तो चक्रधरांकडे गेला आणि निरुत्तर होऊन शरण आला. परंतु त्याचे खरे रूपांतर त्या पराभवात नाही. ते त्याने पुढे केलेल्या कामात आहे. जो बोलण्यासाठी प्रसिद्ध होता, तो गावोगाव हिंडून इतरांच्या आठवणी ऐकणारा, त्या पडताळणारा झाला. विद्वत्ता कायम राहिली, तिच्यातील अहंता गेली.

‘लीळाचरित्रा’त शिष्यांचे रुसवे, मत्सर आणि चुका लपविलेल्या नाहीत. चक्रधर त्यांना समज देतात, पण दूर लोटीत नाहीत. महानुभाव तत्त्वज्ञानानुसार जीव अनादी अविद्येने बद्ध आहे. देवता त्याला सोडवू शकत नाहीत. परमेश्वर कृपेने अवतार धारण करून त्याचा उद्धार करतो. पुढाकार परमेश्वराचा, हे सूत्र ख्रिस्ती विचाराशी समांतर आहे. मात्र येथे घाईने एकरूपता कल्पू नये. महानुभाव विचारात बंधनाचे मूळ अविद्या हे आहे, तर ख्रिस्ती विचारात ते नात्याचा भंग हे आहे. एकीकडे कृपा प्रामुख्याने ज्ञान देते आणि कठोर आचारधर्माची वाट दाखवते. दुसरीकडे ती प्रथम क्षमा देते. ऐतिहासिक प्रभावाचा प्रश्नही येथे उद्भवत नाही. साम्य आहे ते निवेदनाच्या नीतीत. ज्या परंपरेत उद्धार स्वतःच्या निर्दोषतेवर अवलंबून नसतो, त्या परंपरेतील लेखकाला स्वतःचे व आपल्या माणसांचे दोष निर्भयपणे सांगता येतात. आठवणींवर उभे असलेले हे दोन्ही गद्यग्रंथ इतके जिवंत का वाटतात, याचे एक कारण येथे सापडते.

५. एक आक्षेप

या विवेचनावर एक गंभीर आक्षेप संभवतो. दोषांसह स्वीकार म्हणजे दोषांचे समर्थन नव्हे काय? पत्नीला विश्वासात न घेता केलेल्या धर्मांतराने तिच्यावर जे दुःख कोसळले, ते कृपेच्या नावाखाली झाकले जाते काय? ख्रिस्ती विचारवंतांनाही या धोक्याची जाणीव आहे. जर्मन धर्मशास्त्रज्ञ डिट्रिख बॉनहॉफर याने १९३७ साली पश्चात्तापाशिवाय क्षमा वाटणाऱ्या ‘स्वस्त कृपे’वर कठोर टीका केली. ‘स्मृतिचित्रे’चे उत्तर मात्र सैद्धांतिक नाही. लक्ष्मीबाई वियोगाचा काळ, त्यातील अपमान आणि भ्रमिष्टपणाच्या सीमेवर गेलेली स्वतःची अवस्था तपशिलाने सांगतात. टिळकांच्या कीर्तीसाठी त्या एकही जखम पुसून टाकीत नाहीत. आणि त्या जखमेचा हिशेबही मागत नाहीत. क्षमा म्हणजे विस्मरण नव्हे, हे त्यांच्या ग्रंथाच्या नावातच आहे.

समारोप

‘स्मृतिचित्रे’ हा ग्रंथ अध्यापनात बहुधा नर्मविनोद, निवेदनशैली किंवा स्त्री-आत्मचरित्र या अंगांनी शिकविला जातो. ही अंगे महत्त्वाची आहेतच. परंतु त्यांच्यामागील श्रद्धा बाजूला ठेवली, तर त्या विनोदाचे मूळ हाती लागत नाही. लक्ष्मीबाईंचा विनोद उपहासाकडे झुकत नाही आणि गौरवाकडेही झुकत नाही. ज्याचे दोष दिसतात त्याच्यावरच प्रेम आहे, अशा दृष्टीतून तो जन्मतो. ख्रिस्ती श्रद्धेत देवाची माणसाकडे पाहण्याची दृष्टी हीच मानली जाते. वऱ्हाडातील विद्यार्थ्याला ही दृष्टी समजून घेण्यासाठी दूर जावे लागत नाही. ऋद्धपूरच्या परिसरात सातशे वर्षांपूर्वी एका गर्विष्ठ पंडिताने इतरांच्या आठवणी ऐकावयास सुरुवात केली, तेव्हा दोषी माणसाला त्याच्या दोषांसह शब्दांत आणण्याची वाट मराठी गद्याला सापडली होती. लक्ष्मीबाईंनी आपल्या श्रद्धेच्या बळावर ती पुन्हा, स्वतंत्रपणे शोधली.