तलाव हाती घेताना

ऐक गा बाबू. मच्छीमार सोसायटीनं तलावाचं काम तुझ्यावर सोपवलं, बरं झालं. रोहू, कतला, मिरगलचं बीज कुठून आणायचं अन् हजारी काय भावानं, ते तुला कोणीही सांगेल. मी सांगतो ते मरळ, शिंगी, देशी मांगूर, शिवडा अन् वाम यांच्यासाठी. रोहू-कतला साचल्या पाण्यात अंडी टाकत नाहीत, त्यांना वाहती नदी लागते. १९५७ साली ओडिशात हिरालाल चौधरींनी पीयूष ग्रंथीचा अर्क टोचून त्यांची पैदास करून दाखवली, तेव्हापासून असं पैदास केलेलं बीज विकत मिळू लागलं. म्हणून दरसाल पैसा घालावा लागतो. आपला देशी मासा तलावातच जन्मतो, तलावातच वाढतो. त्याला जागा तेवढी राखून द्यावी लागते.

पहिली जागा डोहाची. वैशाखात पाणी आटलं की मधला खोलगट भाग मोटर लावून कोरडा करू देऊ नको. मरळ, शिंगी, मांगूर हवेतूनही श्वास घेतात, म्हणून थोड्या पाण्यात, ओल्या चिखलात तग धरतात. लोकांना ते माहीत आहे, म्हणून चिखल उकरून काढतात. तिथं पडलेली मादी पावसाळ्यात अंडी देणार असते. तिला एकदा बाजार दाखवलास की पुढच्या वर्षाचा मासा गेला.

गाळ काढायला जेसीबी येईल तेव्हा स्वतः पाळीवर उभा राहा. गाळ निघालाच पाहिजे, शेतकऱ्याला तो सोन्यासारखा आहे. पण यंत्रवाला काठ विहिरीसारखा उभा कापतो. काठ उतरता ठेवायला लाव. उथळ पाण्यातच देवधान, कमळ अन् बाकीचं पाणगवत येतं, त्याच्याच आडोशाला पिल्लं वाचतात. वरच्या थरात त्यांचे कंद अन् बी असतात, तो थर एका बाजूला तरी तसाच राहू दे.

जिथं गवत उरलंच नाही तिथं लावता येतं. अर्जुनी मोरगाव तालुका १९९९पर्यंत आपल्याच भंडारा जिल्ह्यात होता. तिकडे भंडारा निसर्ग व संस्कृती अभ्यास मंडळाच्या लोकांबरोबर ढिवर बायांनी उन्हाळ्यात तलावाचा तळ नांगरला, बेशरम उपटली अन् दुसऱ्या तलावातून आणलेल्या पाणवनस्पती लावल्या. एकदा जाऊन बघून ये. आपल्या बायांनाही घेऊन जा, कोणतं गवत कुठं रुजतं हे त्यांना पुरुषांपेक्षा जास्त कळतं.

मृगाचा पहिला मोठा पाऊस पडला की मासा नाल्यातून, सांडव्यावरून वर चढतो, भरल्या बांधीतही शिरतो. त्या दिवसांत नाल्याच्या तोंडावर जाळं नको. मच्छरदाणीचं कापड तर कोणाच्याही हातात दिसू नये. त्यात बोटाएवढी पिल्लंही सुटत नाहीत. पोरं ऐकणार नाहीत, तरी रोज सांग.

काठाजवळ पाण्यावर तांबूस पिल्लांचा पुंजका फिरताना दिसला तर त्याच्याखाली मरळ राखण करत असते. ती गळाला सहज लागते, कारण पिल्लांजवळ आलेल्या कशावरही झेपावते. ती काढलीस तर बाकीचे मासे सगळा पुंजका खाऊन टाकतात. महिनाभर तिकडे गळ टाकू नको.

बीजवाला ग्रासकार्प देईल, म्हणेल तलाव साफ राहतो. घेऊ नको. तो पाणगवतच खातो, अन् तेच तर आपण लावतो आहोत. सायप्रिनस तळ उकरून पाणी गढूळ करतो. थाई मांगूर म्हणतात तो मुळात आफ्रिकेचा, त्यावर देशात बंदी आहे. अंगावर ढगाळ डाग असलेला, दोन-तीन किलोचा मांगूर जाळ्यात आला तर तो आपला नव्हे. परत सोडू नको. आपला देशी मांगूर आता जागतिक यादीत संकटग्रस्त म्हणून नोंदलेला आहे.

वैनगंगेच्या माशांवर मी फार बोलत नाही. गोसीखुर्द धरणाच्या भिंतीनं त्यांची वाट अडवली, नागपूरचं सांडपाणी नाग नदीतून कन्हानला अन् कन्हानमधून वैनगंगेला मिळतं. मन तुटतं, पण ते एका सोसायटीच्या हातचं काम नाही. तलावाचं आहे.

तलाव मालगुजारांचे होते तेव्हाही, ते सरकारकडे गेले तेव्हाही, धानासाठी पाणी सोडण्यावरून भांडणं झाली. मासा आपला असला तरी पाण्यावर शेतकऱ्याचा हक्क आहे. म्हणून रोहिणीत नाही, दिवाळीतच त्यांच्यासोबत बस. कोणत्या दगडापर्यंत पाणी उतरवायचं ते तेव्हाच ठरव, पाळीवर चुन्याची खूण कर अन् ठरावाच्या वहीत दोन्ही बाजूंच्या सह्या घे.